थीनमिद्ध आणि देहाची झोप

पाच नीवरणांपैकी तिसऱ्या नीवरणाचे नाव 'थीनमिद्ध' असे आहे. विहारांतून होणाऱ्या धम्मदेसनांत त्याचा अर्थ बहुधा 'आळस व झोप' असा एका दमात सांगितला जातो आणि ऐकणारेही तो तसाच घरी घेऊन जातात. आम्हीही पुष्कळ वर्षे तो तसाच सांगत आलो. परंतु या जोडशब्दाच्या पोटात देह व चित्त यांच्या संबंधाचा एक जुना वाद दडलेला आहे. तो नीट समजून न घेतल्यास शिकविणाऱ्याच्या हातून अन्याय घडतो. आमच्या हातून तो घडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या काळात आम्ही एका विहारात दर रविवारी दुपारी दोन वाजता पालीचा वर्ग घेत असू. भोजनदान आटोपून मंडळी तशीच बसत. वर पत्र्याचे छप्पर, भाद्रपदातले ऊन, आणि समोर आमचे विभक्तिप्रत्यय. तिसऱ्या ओळीत बसणारे एक गृहस्थ पहिल्या दहा मिनिटांतच पेंगू लागत. एका रविवारी त्यांना सर्वांसमक्ष हाक मारून आम्ही थीनमिद्धावर एक लहानसे प्रवचनच दिले. लोक हसले. पुढच्या रविवारपासून ते गृहस्थ आले नाहीत. पुढे कळले की ते एका कारखान्यात रात्रपाळीला होते. शनिवारची पाळी संपवून रविवारी सकाळी घरी जात, आंघोळ करीत आणि न झोपता सायकलीने वर्गाला येत. त्या वर्गात ज्यांच्या ठायी सर्वांत अधिक विरिय होते, नेमके त्यांनाच आम्ही आळशी ठरविले होते.

या प्रसंगानंतर आम्ही थीनमिद्धाविषयीचे मूळ संदर्भ पुन्हा काढले, आणि त्याबरोबरच झोपेविषयी शरीरशास्त्र आज काय सांगते तेही वाचले. दोन्हींकडून जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवीत आहोत.

ग्रंथांतील वाद

अभिधम्मात थीन आणि मिद्ध या दोन पदांची व्याख्या स्वतंत्रपणे केलेली आहे. थीन म्हणजे चित्ताची अकर्मण्यता आणि मिद्ध म्हणजे कायेची अकर्मण्यता. वरवर पाहता अर्थ सरळ दिसतो: मन जड होणे ते थीन आणि शरीर जड होणे ते मिद्ध. पण अट्ठकथाकार येथे वाचकाला थांबवितात. त्यांच्या मते या ठिकाणी 'काय' म्हणजे हाडामांसाचे शरीर नव्हे, तर वेदना, संज्ञा व संस्कार या तीन स्कंधांचा मिळून होणारा नामकाय होय. म्हणजे थीन आणि मिद्ध दोन्ही मानसिकच ठरतात.

हा खुलासा इतक्या आग्रहाने का करावा लागला? कारण सिंहलद्वीपात याविरुद्ध मत प्रचलित होते. उपतिस्स स्थविरांचा 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ मूळ पालीत उरला नाही, परंतु इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आरंभी झालेला त्याचा चिनी अनुवाद टिकून आहे. त्यात मिद्धाची गणना रूपात, म्हणजे भौतिक धर्मांत केलेली आढळते. तेथे मिद्धाचे तीन उगम सांगितले आहेत: आहारातून येणारे, ऋतूतून येणारे आणि चित्तातून येणारे. चित्तातून येणारे तेवढे नीवरण. आहारातून व ऋतूतून येणारे मिद्ध अर्हतालाही असू शकते, कारण त्यात चित्ताचा दोष नाही. पुण्याचे पाली पंडित प्रा. पु. वि. बापट यांनी विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला. महाविहार व अभयगिरी या दोन परंपरांमधील जे मतभेद त्यांनी तपासले, त्यांत हा मिद्धरूपाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील पाली अध्ययनाच्या या कामगिरीचा उल्लेख आमच्या वर्गांतून फारसा होत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

महाविहाराच्या आचार्यांना मिद्ध हे रूप मानणे मान्य नव्हते. त्यांचा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. मिद्ध हे नीवरण आहे. नीवरणे मार्गाने नष्ट होतात. रूप तसे नष्ट होत नाही. म्हणून मिद्ध रूप असू शकत नाही. पण मग एक अडचण उभी राहते. अर्हत झोपतात, हे तर सुत्तांतच आलेले आहे. मज्झिमनिकायातील महासच्चक सुत्तात सच्चक नावाचा निगण्ठपुत्र भगवान बुद्धांना विचारतो की, आपण दिवसा झोपल्याचे आपल्याला आठवते काय? भगवान आडपडदा न ठेवता होय म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात, भिक्षाटनाहून परतून भोजन झाल्यावर, संघाटीची चौपदरी घडी अंथरून, उजव्या कुशीवर, स्मृती जागी ठेवून आपण झोपल्याचे ते सांगतात. वाचकांनी येथे ऋतू आणि आहार या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत याकडे लक्ष द्यावे.

या अडचणीचे उत्तर 'अट्ठसालिनी'त दिलेले आहे, आणि आमच्या मते संपूर्ण वादातील हा सर्वांत रमणीय भाग आहे. अट्ठकथाकार म्हणतात की, क्षीणास्रवांची झोप थीनमिद्धाने येत नाही, ती 'करजकाया'च्या म्हणजे या जन्मलेल्या देहाच्या दुर्बलतेने येते. दूरची वाट चालून किंवा काही काम करून ते थकतात तेव्हा ती येते, आणि मार्गप्राप्तीने ही दुर्बलता नाहीशी होत नाही. एवढ्यावर न थांबता ते वनस्पतींचा दृष्टांत देतात. काही झाडांची पाने उन्हात पसरतात आणि रात्री मिटतात. कमळे सूर्यप्रकाशात उमलतात आणि रात्री पुन्हा मिटतात. झाडाला आळशी कोण म्हणेल?

तेव्हा शेवटी दोन्ही परंपरा एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. अभयगिरीवाले देहाच्या झोपेला मिद्ध म्हणतात पण नीवरण म्हणत नाहीत. महाविहारवाले तिला मिद्धच म्हणत नाहीत. देहाची म्हणून एक झोप आहे आणि ती अकुशल नाही, याविषयी दोघांत मतभेद नाही. आम्ही त्या रविवारी जे बोललो त्याला महाविहारात आधार नव्हता आणि अभयगिरीतही नव्हता.

पानांपासून मेंदूपर्यंत

अट्ठकथेतील पानांचा दृष्टांत शरीरशास्त्राच्या इतिहासातही भेटतो. द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७२९ मध्ये लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवून पाहिले. ऊन नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. याचा अर्थ असा की, पाने केवळ उन्हाला उत्तर देत नव्हती, तर झाडाच्या आतच वेळेचे काही माप होते. अट्ठकथाकारांनी पानांचे मिटणे पाहिले होते. झाड अंधारात ठेवून पाहण्याचा प्रयोग त्यांनी केला नव्हता. प्राचीन ग्रंथांत आधुनिक विज्ञान आधीच होते असे सांगण्याची जी टूम आपल्याकडे आहे ती आम्हांस पसंत नाही, म्हणून हा फरक मुद्दाम नोंदवितो.

माणसाच्या शरीरातही असे माप आहे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जेथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या लगेच वर, पेशींचे दोन लहान पुंजके असतात. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. पेशींच्या आत काही जनुके आपलीच प्रथिने साठवून स्वतःला बंद करतात आणि ती प्रथिने झिजली की पुन्हा चालू होतात. हा फेरा सुमारे एका दिवसाचा असतो. या यंत्रणेच्या शोधाबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे हे घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालते आणि रोजच्या उजेडाने ते जुळवून घ्यावे लागते. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज उजेडाचे केवळ मोजमाप करणाऱ्या वेगळ्या पेशी असतात.

मात्र झोप एकट्या घड्याळाने येत नाही. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मांडलेली दोन प्रक्रियांची कल्पना आजही ग्राह्य मानली जाते. एक प्रक्रिया घड्याळाची. दुसरी साठत जाणाऱ्या थकव्याची: जागे राहण्याचा प्रत्येक तास झोपेचे ओझे वाढवितो आणि झोप ते उतरविते. मेंदूच्या पेशी काम करताना ऊर्जा खर्च करतात, त्यातून ॲडेनोसिन नावाचे द्रव्य मोकळे होते आणि जागेपणी ते साठत जाऊन जागृतीच्या केंद्रांना मंद करते. चहा-कॉफीतील कॅफीन हे ॲडेनोसिन ज्या जागी जाऊन बसते ती जागा अडवून धरते. ओझे तसेच राहते, फक्त ते जाणवत नाही. कॅफीन निम्मे उतरण्यास साधारण पाच तास लागतात, हे रात्री दहाला चहा घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता दुपारचा वर्ग घ्या. जेवणानंतर येणाऱ्या गुंगीला पालीत 'भत्तसम्मद' असा नेमका शब्द आहे. संयुत्तनिकायात थीनमिद्धाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टींच्या यादीत अरती, सुस्ती, जांभया व आळोखेपिळोखे यांच्या शेजारी तो आला आहे. कोसलराज पसेनदी द्रोणभर भात जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला, तेव्हा भगवंतांनी मिताहाराची गाथा सांगितली, सुदस्सन नावाच्या तरुणाने ती रोज जेवणाच्या वेळी म्हणावी अशी राजाने व्यवस्था केली आणि राजाचा आहार हळूहळू एका नाळीवर आला, ही कथा वाचकांना परिचित असेलच. पोट भरल्याने झोप येते ती रक्त पोटाकडे वळून मेंदू कोरडा पडतो म्हणून, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. मेंदूचा रक्तपुरवठा शरीर सहसा ढळू देत नाही. शिवाय दुपारी एक ते चारच्या दरम्यान येणारी मंदी न जेवलेल्या माणसातही दिसून येते. ती घड्याळाचाच भाग आहे. जड जेवण तिला अधिक खोल करते, एवढेच.

ऋतूचे कामही कळण्यासारखे आहे. झोप लागण्यापूर्वी शरीर हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या सैल करून आतली उष्णता बाहेर सोडते आणि आतले तापमान उतरू लागते. ज्यांचे तळपाय लवकर उबदार होतात त्यांना झोपही लवकर लागते, असे स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखविले. झोपताना तळपायांना तेल लावून काशाची वाटी चोळण्याची आपल्याकडील जुनी रीत येथे आठवते. पत्र्याखालच्या उकाड्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात. त्यात हालचाल नाही, आवाज एकसुरी, आणि दुपारचे दोन. अशा वेळी जागा राहणारा श्रोताच खरे तर नवलाचा.

रात्रपाळीच्या माणसाचे दुःख याहून मोठे आहे. त्याचे कामाचे तास उलटतात पण घड्याळ उलटत नाही, कारण सकाळी घरी जाताना त्याला भेटणारे ऊन त्या घड्याळाला पुन्हा दिवसच सांगत असते. पहाटे तीन ते सहा या वेळेत शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, तेव्हा त्याला यंत्रासमोर उभे राहावे लागते. सकाळी झोपावे तर तापमान चढू लागलेले असते, बाहेर रहदारी, घरात मुले, आणि घर एका खोलीचे. दिवसाची झोप त्यामुळे तोकडी पडते आणि मोडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये घड्याळ बिघडविणाऱ्या पाळीच्या कामाला आणि २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्ककारक' या गटात ठेवले आहे. आमच्या वर्गातील ते गृहस्थ दुपारी दोन वाजता पालीचे प्रत्यय ऐकत होते तेव्हा त्यांना जागे राहून २० तासांच्या वर होऊन गेले असावेत.

मोग्गल्लानांची डुलकी

या प्रकाशात अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातातील पचलायमान सुत्त पुन्हा वाचण्यासारखे आहे. आयुष्यमान महामोग्गल्लान मगध देशात कल्लवाळपुत्त नावाच्या गावी बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. भगवान तेव्हा भग्ग देशात सुंसुमारगिरीजवळ भेसकळावनात होते. त्यांनी मोग्गल्लानांना या अवस्थेत पाहिले आणि येऊन विचारपूस केली. अट्ठकथेत कारण दिले आहे: सात दिवस चंक्रमण करून त्यांचे अंग थकले होते आणि चंक्रमणाच्या वाटेच्या टोकाशी ते बसले होते. भगवंतांच्या बोलण्यात दोषारोपाचा एकही शब्द नाही. ते एकामागून एक उपाय सांगतात. एकाने झोप न गेली तर दुसरा.

ज्या संज्ञेसह झोप येते तिच्याकडे लक्ष देऊ नये. ऐकलेला धम्म मनात घोळवावा. तो मोठ्याने म्हणावा. दोन्ही कानांच्या पाळ्या ओढाव्यात आणि अंग हातांनी चोळावे. उठून पाण्याने डोळे धुवावेत, दिशांकडे पाहावे, वर नक्षत्रांकडे पाहावे. आलोकसंज्ञा मनात धरावी. चंक्रमण करावे. आणि एवढे करूनही झोप गेली नाही तर, उजव्या कुशीवर सीहसेय्येत, पुन्हा उठण्याचा विचार मनात ठेवून झोपावे. जाग येताच मात्र उठावे.

या क्रमाकडे शरीराच्या बाजूने पाहिले तर तो सौम्याकडून तीव्राकडे जाणारा आहे. आधी मनाचे काम, मग वाणीचे, मग स्पर्शाचे, मग पाण्याचे, मग पायांचे. इटलीचे मोरुझ्झी व अमेरिकेचे मॅगून यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की मेंदूच्या देठात जाळ्यासारखी पसरलेली एक रचना सर्व मेंदूला जागे ठेवते. निरनिराळ्या इंद्रियांकडून येणाऱ्या संवेदनांची शाखा तिच्याकडेही जाते, म्हणून पाळी ओढली, चेहऱ्यावर गार पाणी आले की ती क्षणभर चाळवते. उभे राहून चालू लागल्यावर परिणाम अधिक टिकतो, कारण उभ्या देहात रक्त डोक्यापर्यंत चढविण्यासाठी हृदयाची गती व रक्तवाहिन्यांचा ताण शरीराला वाढवावाच लागतो, आणि स्नायूंकडून सतत वार्ता येत राहते. आलोकसंज्ञेचा अर्थ मात्र कोणी दिवा लावणे असा करू नये. ती मनात धरावयाची संज्ञा आहे.

पण यांपैकी एकाही उपायाने ॲडेनोसिनचे ओझे कमी होत नाही. इंग्लंडमधील हॉर्न व रेनर या संशोधकांनी पेंगुळलेल्या वाहनचालकांवर प्रयोग केले. चेहऱ्यावर गार हवा व रेडिओ यांचा उपयोग अगदी थोडा वेळ होतो असे त्यांना १९९८ मध्ये आढळले. खरा उपयोग झाला तो कॉफीचा आणि पंधरा मिनिटांच्या आतल्या झोपेचा. सुत्तातील शेवटचा उपाय झोपणे हाच आहे, आणि तो पराभव म्हणून सांगितलेला नाही, इतर उपायांच्या रांगेतच सांगितलेला आहे. आपल्या प्रवचनांतून पहिले सात उपाय सांगितले जातात आणि हा आठवा बहुधा गाळला जातो. आम्हीही तो गाळीत असू.

सीहसेय्येविषयी एक किरकोळ टीप. उजव्या कुशीवर झोपल्याने पचन सुधारते असे काही पुस्तिकांत छापलेले आम्ही वाचले आहे. वस्तुस्थिती उलट आहे: जठराची ठेवण पाहता भरल्या पोटी डाव्या कुशीवर असताना आम्ल वर चढण्याचा त्रास कमी होतो. आपली वामकुक्षी त्या दृष्टीने योग्यच. भिक्षूंना दुपारनंतर भोजन नसल्याने रात्री हा प्रश्न त्यांच्यापुढे येत नाही. सुत्ताला तेथे स्मृतीची काळजी आहे, जठराची नव्हे.

'मग मधल्या यामातील चारच तास झोपणाऱ्या भिक्षूंचे काय?' असा प्रश्न वर्गात हमखास येतो. जागरियानुयोगात पहिला व शेवटचा याम चंक्रमणात व बैठकीत घालवावा आणि मधल्या यामात झोपावे असे सांगितले आहे. रात्रीच्या आरंभीच्या तासांत गाढ झोपेचा वाटा सर्वाधिक असतो, म्हणून हे चार तास मोलाचे खरे. परंतु ही शिस्त संध्याकाळी न जेवणाऱ्या, पाळीच्या भोंग्यावर न धावणाऱ्या आणि दिवसा एकांताची मुभा असलेल्या माणसासाठी आहे. दिवसा विसावताना दार लावून घ्यावे अशी अनुज्ञा विनयात आलेली आहे, तीही विसरू नये.

अठरा तासांचा प्रश्न

हे सर्व लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर विहाराच्या अभ्यासिकेतील मुलेमुली आहेत. १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रात अनेक महाविद्यालयांत, ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांच्या अखंड वाचनाला केलेले ते अभिवादन आहे, आणि वर्षातून एक दिवस असे बसल्याने कोणाचे काही बिघडत नाही. आम्ही स्वतः त्यात बसलो आहोत. अडचण येते ती हा एका दिवसाचा संकल्प रोजचा नियम केला जातो तेव्हा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी आम्हांस अभिमानाने म्हणाला, "सर, मी चार तासांवर आलो आहे." त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळे पाहून आम्ही काही बोललो नाही. बोलावयास हवे होते.

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या हाती शिष्यवृत्तीची तीन वर्षे होती, १९१३ ते १९१६. १९१७ मध्ये तर मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. दाराबाहेर ठेवलेल्या समाजाचा एक माणूस आत पोहोचला होता आणि दार पुन्हा मिटण्याच्या आत जेवढे घेता येईल तेवढे त्याला घ्यावयाचे होते. ते जागरण परिस्थितीने लादलेले होते. त्यांच्यामुळे ज्यांना दार उघडे मिळाले त्यांनी परिस्थितीचा तो भाग पुन्हा स्वतःवर लादून घ्यावा काय, एवढेच आम्ही विचारतो.

कारण अभ्यासाच्या हिशेबातही हा व्यवहार तोट्याचा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॅन डाँगेन, डिंजेस आदींनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले. सहा तासवाल्यांचीही अवधानाची शक्ती दिवसेंदिवस घसरत गेली आणि चार तासवाल्यांची तर दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, पहिल्या काही दिवसांनंतर आपली पेंग आणखी वाढत आहे असे त्यांना स्वतःला फारसे वाटत नव्हते. 'मला सवय झाली आहे' हे विद्यार्थ्याचे वाक्य म्हणून पुरावा धरता येत नाही. तसेच वाचलेले टिकते ते झोपेत; अमेरिकेत जेन्किन्स व डालेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखविले होते की पाठ केल्यानंतर झोपलेला मनुष्य जागे राहिलेल्यापेक्षा कमी विसरतो. प्रौढांना सात किंवा अधिक तास झोप आवश्यक आहे असे अमेरिकेतील निद्राचिकित्सकांच्या संस्थांनी २०१५ मध्ये एकमताने सांगितले.

अभ्यासिकेतून रात्री एक वाजता मोटरसायकलने घरी निघणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. सतरा तास सलग जागे राहिल्यावर हाताडोळ्यांच्या मेळाची कसोटी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड यांनी १९९७ मध्ये दाखविले. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकाला मर्यादा ०.०३ टक्क्यांची आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंदांची डुलकी लागली तर वाहन ५० मीटर पुढे गेलेले असते, आणि ती डुलकी लागली हे चालकाला कळतेच असे नाही.

अभ्यासिकेचे पांढरे दिवे व हातातील मोबाईल यांचाही येथे संबंध येतो. रात्रीचा प्रखर उजेड मेलॅटोनिन या रात्रसूचक द्रव्याचे स्रवणे दाबतो व घड्याळ पुढे ढकलतो. मग मुलगा दोनला आडवा होतो, तीनला झोपतो आणि सकाळच्या वर्गात पेंगतो. आमच्या सांगण्यावरून अभ्यासिकेच्या व्यवस्थापकांनी रात्री दहानंतर वरचे दिवे बंद करून टेबलावरचे पिवळसर दिवे तेवढे चालू ठेवण्यास संमती दिली आहे. काही विद्यार्थ्यांनी त्यास हरकत घेतली. चर्चा चालू आहे.

पालीचा वर्ग आता रविवारी सकाळी नऊला भरतो. रात्रपाळी करून येणाऱ्यांसाठी मागच्या भिंतीशी एक सतरंजी असते. ज्यांना हवे त्यांनी वर्गाच्या आधी वीस मिनिटे आडवे व्हावे, उठविण्याचे काम एका विद्यार्थिनीने पत्करले आहे. ज्या गृहस्थांविषयी आरंभी लिहिले त्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो. ते झोपलेले होते, म्हणून उठवू दिले नाही, दिलगिरीचा निरोप ठेवून परतलो. पाळी बदलली की येतो, असे त्यांनी उलट कळविले आहे.